मोहाखालचा लाल ठिपका

नव्या रायपूरचे रस्ते एवढे रुंद आहेत की पलीकडून ओळखीचं माणूस चाललं तरी हाक पोचत नाही. तसं ओळखीचं कोणी चालतही नाही म्हणा. शारदा निखाडेले इथं राहाले येऊन चौथा उन्हाळा लागला होता अन् शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईचं नाव तिले अजून माहीत नव्हतं. आधी घरचे सगळे जुन्या रायपुरात, गुढ़ियारीत रेल्वे लाईनजवळ राहायचे. मालगाडी गेली की ताटातली वाटी थरथरायची, अन् भिंतीपलीकडून कोणीतरी ओरडायचं, "शारदाबाई, आज फोडणी जळली वाटते!" तिले तेव्हा राग यायचा. आता एखाद्यानं तरी म्हणावं की बाई फोडणी जळली, असं तिले वाटे.

नवरा, गुलाबराव, जंगल खात्यात गाडी चालवायचा. तो गेला, त्याच्या जागी हिले अनुकंपावर घेतलं, क्वार्टर मिळालं. पियुष, एकुलता एक पोट्टा, पुण्याले नोकरीले लागला. त्याचा फोन येई. ती मराठीत विचारे, तो हिंदीत उत्तर दे.

"जेवला का रे बाप्पा?"

"हाँ मम्मी, खा लिया."

"काय खाल्लं?"

"मम्मी, मीटिंग है. रात को करता हूँ ना."

रात्री तो करत नसे. ती वाट पाहत नसे असं नाही, पण मोबाईल उशाशी ठेवून झोपाची सवय झाली होती एवढंच.

तिचं काम होतं आगी पाहाचं. एका खोलीत भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर सगळ्या छत्तीसगडचा नकाशा. उपग्रह वरून जाये, खाली कुठं तापलेली जागा दिसली की काही वेळानं नकाशावर लाल ठिपका उमटे. ठिपका जंगलाच्या कोणत्या तुकड्यात, कोणत्या बीटात आहे ते पाहाचं, त्या बीटाच्या फायर वाचरले, म्हणजे उन्हाळ्यापुरत्या ठेवलेल्या आगीच्या रखवालदाराले फोन लावाचा, अन् तो काय म्हणते ते लिहाचं. बाजूच्या पडद्यावर वाऱ्याचे बाण अन् धुराचं मोजमाप. थंडीत धूर जमिनीले चिकटून राहे, सकाळी पूर्ण शहर जुन्या दुधाच्या रंगाचं दिसे. ऊन तापलं की धूर वर उचलला जाये अन् वारा त्याले कुठच्या कुठं नेऊन टाके. जंगल जळे एका जागी अन् डोळे चुरचुरत दुसऱ्याच गावाचे. शारदाले हे सगळं पाहून पाहून समजाले लागलं होतं. कोणाले सांगावं असं मात्र कोणी नव्हतं.

वाचर लोक बहुतेक दोन शब्दांत काम संपवत. "बुझ गया मैडम." ठेवला फोन. भैय्यालाल तेवढा वेगळा. महानदीच्या पलीकडं, बांबूच्या जंगलाले लागून त्याचं गाव. पहिल्याच फोनवर त्यानं विचारलं होतं, "मैडम, आपके कंप्यूटर में मैं दिखता हूँ क्या?"

"तू नाही दिसत. आग दिसते फक्त."

"तो एक बीड़ी जलाऊँ? देखो तो, दिखता है क्या."

शारदा एकटीच त्या खोलीत खुदकन हसली अन् स्वतःच दचकली. तो आवाज किती दिवसांनी निघाला होता कोण जाणे.

तिथून सुरू झालं. ठिपका असो नसो, दुपारचा डबा खाऊन झाला की ती त्याले फोन लावे. काम म्हणून लावे, "तुझ्याकडं सगळं ठीक ना?" असं विचाराले. ती मराठीत बोले, तो छत्तीसगढीत अन् थोडी हिंदी मिसळून. अडत काही नसे.

"का साग रांधे हव दीदी?"

"भेंडी."

"रोज भेंडी? आदमी हव कि बकरी?"

"एकटीसाठी काय करू मग? पाव किलो भेंडीत दोन दिवस निघतात."

"हमारे यहाँ तो छै आदमी के लिए भी भेंडी नई मिलती. भाग वाले हव आप."

दीदी म्हणे तो तिले. तिची भाची होती चंद्रपूरले, तीही वर्षात एकदा फोन करे. हा रोज दीदी म्हणे. चेहरा एकमेकांचा पाहिला नव्हता दोघांनी.

आता मोहाच्या झाडाचं. फुलं गळाच्या आधी त्या भागात प्रत्येक घर आपल्या मोहाखालचा पाला झाडून जाळते. जमीन काळी, साफ झाली की पहाटे पडलेलं पिवळं फूल दुरून दिसते, वेचाले सोपं जाते. पिढ्यान्‌पिढ्या हेच. खात्याले हे चालत नाही, कारण एक झाड करता करता आग रानात जाते. पण भैय्यालालची म्हातारी आई मीराबाई, तो तिले दाई म्हणे, तिची नजर अधू. पाल्यात फूल तिले दिसत नाही, अन् वर्षाची मीठमिरची त्या फुलांवर. म्हणून आग विझवाची नोकरी करणारा भैय्यालाल स्वतःच्या मोहाखाली काडी लावे. लपूनछपून नाही, आधी दीदीले सांगून.

"दीदी, आज दाई के पेड़ के नीचे जलाऊँगा. लाल दिखही त फिकर मत करव. मैं इहें खड़े हँव."

शारदा लिही, 'पाला जाळला. रखवालदार हजर.' ठिपका बंद. तीन उन्हाळे तिनं तेच लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, तो खरंच उभा राहे, हिरवी फांदी हातात घेऊन. फक्त जाळणारा कोण ते ती लिहीत नसे.

यंदा होळीनंतर हवा बिनसली. पाऊस नाही, वारा नाही, सगळीकडचा धूर रायपूरवर येऊन बसला. सदर बाजारात दुकानदार दुपारी लाईट लावून बसत. टीव्हीवर रोज तेच, पेपरात तेच. वरून विचारणा सुरू झाली अन् तिचे साहेब विहंग सर खोलीत येऊन बसाले लागले. ते रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातले, वयानं पियुषपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. शारदाचं मराठी सगळं समजे त्यांले, बोलत हिंदीच.

"शारदा जी, एक भी पॉइंट बिना कन्फर्मेशन के क्लोज़ नहीं होगा. फोन नहीं उठाया तो सीधा अनुपस्थित लिखिए, आग बुझाने वाला दस्ता जाएगा."

"अन् वाचर झाडाखाली असला, फोन दूर असला तर?"

"तो दस्ते को मिल जाएगा ना वहाँ. मैं भी क्या करूँ, बताइए. मेरे को भी ऊपर जवाब देना है."

ते वाईट नव्हते बोलून राहिले. तिच्यासाठी चहाही सांगत.

त्या दिवशी सकाळी भैय्यालालचा फोन आला. आज जाळतो म्हणाला. शारदानं पडद्याकडं पाहिलं. बाण पडलेले होते, वारा जवळजवळ नव्हता. "दुपारच्या आत उरकून घे," ती म्हणाली. "संध्याकाळी वाऱ्याचं अंधड येईल असं दाखवून राहिलं."

"हव दीदी."

दुपारी उपग्रह गेला. डबा खाऊन ती हात धुऊन आली तर ठिपका उमटला होता, मोहाच्याच जागी. ती निवांत बसली अन् फोन लावला. रिंग गेली. पूर्ण गेली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण गेली. तेवढ्यात बाजूच्या पडद्यावरचे बाण हलले. आधी दोन-चार, मग सगळेच, जसे शाळेतले पोरं मास्तर आल्यावर एका दिशेले तोंड करतात तसे. अंधड वेळेच्या आधी निघालं होतं. बाणांची टोकं मोहाकडून बांबूकडं होती, अन् बांबूच्या पलीकडं एक वस्ती.

तिनं तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा. उचल ना रे बाबा, उचल. तिले माहीत होतं तो तिथं आहे. कुठं जाईल? अन् तिले हेही माहीत होतं की कोरडा बांबू वाऱ्यात कसा पेटतो, गुलाबराव सांगायचा, फटाक्यांच्या दुकानासारखा. एका बाजूले ती वस्ती. दुसऱ्या बाजूले भैय्यालालचं नाव. एकदा अनुपस्थित म्हणून गेलं की उन्हाळ्याची नोकरी गेली, अन् तिच्यासाठी तो रोजचा फोन गेला. शारदानं हे फोनचं मनात येऊ द्यायचं नाही असं ठरवलं अन् ते आधीच येऊन बसलं होतं. तिचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं. 'पाला जाळला. रखवालदार हजर.' एवढं लिहिलं असतं तर आजचा दिवस निघाला असता. कदाचित निघाला असता.

"शारदा जी, वो नदी पार वाला?" विहंग सरनं मागून विचारलं.

"फोन नाही उचलून राहिला."

"तो?"

तिनं लिहिलं. 'रखवालदार अनुपस्थित.' दाबलं. मग बाथरूममधे जाऊन नळ सोडून उभी राहिली.

दस्ता जवळच्याच रेंज ऑफिसात होता, लवकर पोचला. बांबूची एक कड जळली, वस्तीपर्यंत आग गेली नाही. संध्याकाळी विहंग सरनं फोनवर सगळं ऐकून घेतलं अन् तिले सांगितलं. भैय्यालाल तिथंच होता. वारा फिरला तसा तो एकटा बांबूच्या कडेले जाऊन फांदीनं आग झोडपून राहिला होता. शर्ट काढून झाडावर टांगला होता, फोन शर्टात. दस्त्यानं त्याले पाहिलं तेव्हा त्याच्या भुवया जळालेल्या होत्या.

"मग मी लिहिलं ते चूक आहे," शारदा म्हणाली. "तो हजर होता. दुरुस्त करा लागते सर."

विहंग सरनं फोन टेबलावर ठेवला. "कर दूँगा. लेकिन उसने खुद मान लिया है कि आग उसी ने लगाई थी. हजर लिखो तो भी निकलेगा, अनुपस्थित लिखो तो भी. अब आप बताइए क्या लिखूँ?"

तीन वर्षं जे ती लिहीत नव्हती ते आता त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तिचं नाव त्यात कुठंच आलं नाही. त्यानं घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी डब्यानंतर तिनं फोन लावला. त्यानं पहिल्या रिंगले उचलला.

"भैय्यालाल, मी बोलून राहिली."

"हव दीदी."

"मले वाटलं तू..." तिनं मोबाईल दुसऱ्या कानाले लावला. "भाजलं का रे?"

"थोड़ा. दाई हल्दी लगाई है."

"मी लिहिलं ते. मीच लिहिलं."

"आप सही करे हव. दस्ता नई आता तो उधर के घर चले जाते. बाँस बाँच गे." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं शिव्या खाल्ल्या असत्या, रडली असती, काहीतरी झालं असतं. तो फक्त दमलेला होता. अन् ती वाट पाहत राहिली की तो विचारेल, आज काय केलं जेवाले. तो बोलला, "रखता हूँ दीदी, दाई बुला रही है."

त्या बीटात नवा वाचर आला. चांगला पोरगा, लगेच फोन उचले. "बुझ गया मैडम," म्हणून ठेवून दे. अंधडानंतर दोन-तीन सरी आल्या, धुरकं धुऊन निघालं, आकाश इतकं साफ की क्वार्टरच्या गच्चीवरून दूरची पाण्याची टाकी दिसाले लागली. टीव्हीवाले दुसऱ्या विषयाकडं गेले. विहंग सरही खोलीत येईनासे झाले. शारदा दुपारी डबा खाई अन् हात धुऊन परत पडद्यासमोर बसे.

मोहाचं वेचणं संपल्यावर भैय्यालालनं स्वतःहून एकदा फोन केला. ठेकेदार गावातली काही माणसं घेऊन चालला होता, हा पण निघाला होता. रायपूरच्या भनपुरीले, लोखंडाच्या कारखान्यात.

"भनपुरी? मग तर जवळच आला तू," शारदा उठून उभी राहिली होती बोलता बोलता. "रविवारी ये ना घरी. बस येते इथपर्यंत. मी येते स्टॉपवर घ्याले."

"हव दीदी, आ जाहूँ."

रविवारी तिनं वांग्याची भाजी केली, भाकरी केल्या, जाऊन दही आणलं. दोन ताटं काढली. स्टॉपवर दोन बसा येऊन गेल्या. उतरलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडं तिनं पाहिलं अन् तेव्हा तिले उमगलं, तो समोरून गेला तरी आपल्याले ओळखता येणार नाही. भुवया नसलेला माणूस शोधावा का? त्या तर आतापर्यंत उगवल्याही असतील. ती घरी आली, भाजी झाकून ठेवली.

नकाशावर भनपुरी कायम लाल असते. भट्ट्या रात्रंदिवस तापलेल्या, म्हणून त्या पट्ट्यावर यंत्रात आधीच सांगून ठेवलेलं आहे की हे ठिपके आगीत धरू नका, इथं फोन लावू नका. सोमवारी शारदा बराच वेळ तिकडंच पाहत बसली. एवढ्या लालमधे तो कोणत्या भट्टीपाशी असेल? डबा तिनं उघडलाच नाही. मोबाईल काढला अन् त्याचा नंबर लावला.

उचलला त्यानं. मागं लोखंडाचा एवढा आवाज की त्याचं बोलणं मधूनमधून येई.

"दीदी... कल छुट्टी नई दिहिस..."

"काही हरकत नाही रे. पुढच्या रविवारी ये."

"का? सुनात नई हे."

"पुढच्या रविवारी!" तिनं मोठ्यानं म्हटलं, त्या रिकाम्या खोलीत.

"सुनात नई हे दीदी. बाद में बात करबो."

पण फोन कटला नाही. त्यानं बहुतेक तसाच खिशात टाकला असेल. शारदानंही ठेवला नाही. कोणीतरी कोणाले ओरडत होतं, घण पडत होता, मधेच कोणीतरी खोकललं, तो होता की दुसरा कोणी ते कळाले मार्ग नव्हता. तिनं मोबाईल कानाले तसाच धरून ठेवला.