लसणाचा चातुर्मास

समस्त आप्तेष्टांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, ऑस्ट्रेलियन आल्प्समधल्या एका जुन्या लॉजमध्ये लसणावरून जो हाहाकार उडाला, त्यातली एकमेव आरोपी मीच.

गुन्हा घडला तो पॉइंट कुकच्या आमच्या घरून निघण्याआधीच, ईमेलमध्ये. एका मोटेलात ‘व्हेजिटेरियन’ सांगूनही आम्ही चिकनच्या पाण्यातलं सूप प्यायलो होतो. तेव्हापासून माझा नियम ठरला: सोवळं जितकं कडक सांगावं, तितकं जेवण सुरक्षित. म्हणून लेकीच्या देखतच लॉजच्या मालकीणबाईंना लिहिलं, आमचा चातुर्मास आहे, पवित्र महिने, कांदा-लसूण अजिबात चालत नाही. चातुर्मास पाळतात पुण्याच्या सासूबाई. मी फक्त त्यांचं पुण्य वापरलं.

बाई सत्तरीच्या. लॉज त्यांच्या आजीने काढलेलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता. आमचे ओले बूट त्यांनी स्वतः उचलून शेकोटीपाशी मांडले आणि म्हणाल्या, “साडेसहाला जेवण. तुमच्यासाठी खास बेत आहे.”

मी गोड हसले. खोलीत शिरताच नवऱ्याला म्हटलं, “खास म्हणजे उकडलेला बटाटा. बॅग उघड.”

“अगं, आधी बघ तरी काय देतात!”

“तू बघ. मी खाते.”

डब्यात घरची खिचडी होती. सोबत छोटी इंडक्शन शेगडी आणि लोखंडी कढलं. फक्त वरून लसणाची फोडणी द्यायची होती. थंडीमुळे खिडक्या बंद. लसूण लाल झाला, सुकी मिरची पडली, आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. मिनिटभरात सगळे पाहुणे पॅसेजमध्ये खोकत उभे. एक गृहस्थ तर नुसत्या टॉवेलवर.

बाई एप्रनमध्येच धावत आल्या. खुर्चीवर चढून त्यांनी अलार्म बंद केला. खाली उतरल्या आणि कढल्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

“हा लसूण आहे का?” त्यांनी हळूच विचारलं. “मी सकाळीच भांडी वेगळी घासून घेतली. आज सगळ्या टेबलाचंच जेवण बिनकांदा-लसणाचं केलंय, तुम्हाला एकटं पडल्यासारखं वाटू नये म्हणून. माझं काही चुकलं का?”

गणपतीच्या कार्यक्रमात माइक न सोडणारी मी, आता कढल्यावर ताटली झाकत होते. कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्याकडे पाहुण्याला देव म्हणतात. देवाने निदान डब्यातलं चोरून खाऊ नये. तरीही, निर्लज्जपणा बघा, ‘लसूण औषधासाठी आहे’ हे नवं खोटं माझ्या जिभेवर तयार होतं.

तेवढ्यात आमच्या आठ वर्षांच्या लेकीने बाईंचा हात धरला आणि त्यांची समजूत काढत, पॅसेजभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “यू डिड नथिंग राँग! आई ओन्ली डझन्ट ईट गार्लिक ऑन ईमेल!”