दस्त्यावरचे तीन ओरखडे

आमच्या बंदुकीच्या दस्त्यावर तीन ओरखडे होते आणि तिन्ही माझे. केर काढताना झाडू लागला आणि भिंतीला टेकवलेली बंदूक आडाळ्याच्या पात्यावर पडली. (नारळ खवून आडाळा उघडा ठेवणारीही मीच.)

बंदूक सासऱ्यांच्या वेळची, काजूच्या बागेतले वानर हाकायला. शेजारच्या घरात माझी धाकटी जाऊ सुलभा. तिच्या नवऱ्याने नवी घेतली. तिच्या दस्त्यात बघून कुंकू लावावं अशी चकाकी! दसऱ्याला दोन्ही बंदुका एकाच पाटावर पुजतात. गेल्या वर्षी येईल तो तिचीच बघत होता. वर ही मला विचारते, "वैनी, तुमच्या बंदुकीर मांजरान नखां मारल्यान काय?"

वर्षभर माझा जेवणावर जीव नव्हता. (जेवत होते, पण रागाने.)

यंदा नवऱ्याच्या मागे लागले. त्यांनी काडीच्या टोकाने ओरखड्यांत व्हार्निशचे थेंब भरले.

"आता आठ दिस हात लावू नको. सुकला की पॉलिशपेपरान घासून सपाट करतंय."

"दसरो परवा आसा."

"मगे पुढच्या वर्षी चमकात."

पुढच्या वर्षी? ते बाजारात गेले तशी मी होडीला लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल काढलं. त्याने कातडी भाजते, हे मला ठाऊक. शाळा चौथीपर्यंत, पण काजूचं शिक्षण पुरं झालंय. हातांना खोबरेल चोपडलं आणि फडक्याने दोन वेळा तेल दिलं. ओरखडे गायब.

दसऱ्याला सकाळी सुलभा वाकून बघत राहिली. माझा जीव थंड झाला. मग म्हणाली, "चकाकता खरां. पण खरखरीत आसतलो."

"खरखरीत?" मी रिकामी बंदूक उचलली आणि दस्ता गालावर घासला. तीनदा. "बघ, लोण्यासारखो आसा."

नवऱ्याने लांबूनच वास घेतला. "ह्यां काय लावलंस गो?" मग कोणालाही पाटाजवळ फिरकू दिलं नाही.

आरतीला गाल चुरचुरला. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले, तोवर गालावर फोड आले होते. दोन्ही बंदुकांकडे कोणी बघेना, सगळे माझ्याकडे.

सुलभाच खोबरेल घेऊन आली. चोळता चोळता म्हणाली, "वैनी, औंदा दस्त्यार एकय ओरखडो नाय हां."

गाल मात्र तेलाने असा चकाकला की तिच्या बंदुकीने मान खाली घालावी.