चहाच्या सुट्टीनंतरचा तास

आमची ही गेली त्याला आता वर्ष होईल. भेटायला येणारे सगळे एकच बोलतात, फार शांत बाई होती. मी ऐकून घेतो. शांत वगैरे काही नव्हती. एकदा ठरवलं की हलायची नाही, एवढंच. लोकांना ते शांत वाटायचं. कोणीतरी खरं लिहायला पाहिजे म्हणून मी बसलोय लिहायला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका कोणी काढत बसू नये. आणि रडतही बसणार नाही. ते आधीच ठरवलंय.

संपात गिरणी गेली आणि मी मुलुंडच्या एका कॉलेजात शिपाई म्हणून लागलो. थोड्या दिवसांनी तिथेच लेडीज रूमला बाई पाहिजे होती, तर हिला लावली. मुलींच्या खोलीची झाडलोट करायची, पाणी भरायचं, कुणाला चक्कर आली तर बघायचं. काम टेंपररी. उन्हाळ्याची सुट्टी लागली की काढून टाकायचे आणि कॉलेज उघडलं की परत घ्यायचे. घेतलं तर. म्हणून मे महिन्यात सगळी चाळ गावाला जायची आणि ही इथेच उकाड्यात राहायची. म्हणायची, "बोलवायला माणूस आला आणि मी मालवणात असले, तर दुसरीला घेतील."

मग लायब्ररीतला अटेंडंट रिटायर झाला. ती जागा पर्मनंट. पुस्तकं कपाटात लावायची, मागतील ती काढून द्यायची. ही सातवी पास होती, तिला जमण्यासारखं होतं. अर्ज केला. हेडक्लार्कच्या डोक्यात त्या जागेसाठी त्याच्या ओळखीचा, ऑफिसात टेंपररी लागलेला एक माणूस होता, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

त्याच वर्षी परत वर्कशॉप आलं. प्राध्यापकांना शिकवायचं कसं हे शिकवायला बाहेरून एक सर यायचे, त्याला वर्कशॉप म्हणायचे. आम्ही शिपाई हसायचो. वर्कशॉप तर मरोळच्या कारखान्यांत असतं, इथे लेथ मशीन कुठे आहे? पण त्या खेपेला प्रिन्सिपॉलनी ठरवलं की प्राध्यापकांचं झालं, आता ऑफिसचे लोक आणि चतुर्थश्रेणी यांनाही बसवायचं. वर सांगितलं की लायब्ररीची जागा वर्कशॉप पूर्ण करणाऱ्यांतूनच भरणार. एक तास चुकला तरी नाव कटाप.

दिवाळीच्या सुट्टीत हॉलमध्ये सुरू झालं. सकाळी खुर्च्या आम्हीच लावल्या आणि त्यांच्यावर बसायचीच पंचाईत. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलेलो. सगळे शेवटच्या रांगेत दाटीवाटीने बसलो, पहिल्या रांगेत क्लार्क लोक आणि मधल्या रांगा मोकळ्या. सर म्हणाले, "पुढे या, मी चावत नाही." कोणी हललं नाही. ही उठली आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. मग मलाही जावं लागलं.

सरांची पद्धत अशी की प्रत्येकाने पाच मिनिटं उभं राहून आपल्या कामाबद्दल सांगायचं. मग बाकीच्यांनी एक गोष्ट चांगली सांगायची आणि एक कमी सांगायची. पहिला हेडक्लार्क बोलला, फायली कशा ठेवाव्यात त्यावर. सरांनी आमच्यातल्या एका शिपायाला उठवलं.

"साहेबांचं काय चांगलं वाटलं?"

त्याने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "शर्ट."

"बरं. आणि कमी काय वाटलं?"

"कमी कसं असेल, सर? साहेब आहेत ते."

चहाची घंटा झाली आणि आम्ही सगळे चतुर्थश्रेणीवाले एकदम उठलो. कोणी सांगितलं नव्हतं. अंगातच होतं ते. एकाने किटली घेतली, एकाने ट्रे, हिने कप मांडले. क्लार्क लोक बसून राहिले, आम्ही त्यांना चहा दिला. मग कप गोळा करून खाली नळावर नेऊन धुतले. वर आलो तर पुढचा तास संपत आला होता आणि सर हजेरी घेऊन मोकळे झालेले.

सर म्हणाले, "पहिला दिवस आहे, सोडून देतो. उद्यापासून जो तासाला नाही तो नाही."

हेडक्लार्क हसला. "सर, ही माणसं कामाचीच आहेत. चहा कोण देणार?"

सरांनी हजेरीवही मिटली. आम्हाला सरळ दिसत होतं. रोज चहा द्यायचा, कप धुवायचे, रोज एक तास जायचा आणि लायब्ररी हेडक्लार्कच्या माणसाला.

घरी आल्यावर ही भाकऱ्या थापताना म्हणाली, "उद्या मी उठूचंय नाय."

मी म्हटलं, "आणि चहा?"

"किटली तिथे आहे, कप तिथे आहेत. हात सगळ्यांना आहेत."

"अगं, तो हेडक्लार्क तुला आहे त्या कामावरून पण काढेल."

"काढू दे. नोकरी जायचीच असेल तर बसून जाईल. उठून घालवणार नाय."

मी ताट घेऊन बसलो. भाकऱ्या मात्र दोन जास्त झाल्या, तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. मी सवयीने अर्धा उठलोसुद्धा. हिने माझी बाही धरली. "बसान ऱ्हवा." मी बसलो. मागचे शिपाई आमच्याकडे बघून अर्धवट उभे राहिले, मग एक एक करून टेकले. किटली टेबलावर वाफाळत होती.

हेडक्लार्क मागे वळला. "अगं ए, चहा!"

"साहेब, मी वर्कशॉपमध्ये आहे."

"वर्कशॉपमध्ये सगळेच आहेत!"

"मग सगळ्यांनी घ्यावा."

हिने हात मांडीवर ठेवले होते आणि समोर फळ्याकडे बघत होती, जसं फळ्यावर काही लिहिलंय. शेवटी सर उठले. त्यांनी एकच कप भरला, स्वतःचा, आणि खिडकीपाशी जाऊन प्यायले. मग क्लार्क उठले. मग आम्ही. हेडक्लार्क प्यायला नाही.

"आणि कप?" तो म्हणाला.

"वर्कशॉप सुटल्यावर," ही म्हणाली.

त्याच तासाला सरांनी हिला बोलायला उठवलं. लेडीज रूमच्या कामाबद्दल बोलायचं होतं. ही पुढे गेली, पदर खोचला आणि गप्प. एक शब्द फुटेना. आदल्या रात्री माझ्यासमोर सगळं घडाघड म्हणून दाखवलं होतं. तिचे ओठ हलत होते, आवाज नाही. मला वाटलं संपलं सगळं.

सर हळूच म्हणाले, "बसा बाई, ठीक आहे."

"माझी पाच मिनिटं झाली?"

"नाही अजून."

"मग बसत नाही."

आणि उभी राहिली तशीच. कोणीतरी खोकलं. मग एकदम सुरू झाली. परीक्षेच्या दिवसांत मुली उपाशी येतात आणि चक्कर येऊन पडतात, त्यावर बोलली. अडखळत, मध्येच मालवणीत जात, एकच वाक्य दोनदा. काही फार भारी बोलली असं मी म्हणणार नाही. सरांनी घड्याळ दाखवलं तशी वाक्य अर्धं सोडून खाली बसली.

सरांनी हेडक्लार्कलाच विचारलं. "चांगलं काय?"

तो छताकडे बघत म्हणाला, "आवाज मोठा आहे."

"आणि कमी?"

"विषय पूर्ण केला नाही."

"वेळ संपला, साहेब," ही जागेवरून म्हणाली. "उद्या द्या, पूर्ण करते."

सगळा हॉल हसला. आदल्या दिवशी शर्ट बोलणारा शिपाई तर सगळ्यांत जास्त. त्यानंतर एकही तास हिने सोडला नाही आणि मीही सोडला नाही. कप वर्कशॉप सुटल्यावर आम्ही सगळे मिळून धुवायचो, त्यात एक तरुण क्लार्कही यायला लागला.

लायब्ररीची ऑर्डर प्रिन्सिपॉलनी सरांना विचारून काढली, ती हिच्याच नावाची. ही लेडीज रूमला कुलूप लावून किल्ली द्यायला ऑफिसात गेली. मी दाराशी उभा होतो.

हेडक्लार्कने मान वर केली नाही. "ठेव टेबलावर."

"हातात घ्या, साहेब. उद्या हरवली तर माझ्या नावावर नको."

त्याने पेन खाली ठेवलं, हात पुढे केला आणि किल्ली घेतली. ही बाहेर आली आणि सरळ लायब्ररीच्या जिन्याकडे वळली. मी तिथेच उभा राहिलो, तर अर्ध्या जिन्यावरून ओरडली, "काय बघताय? घंटेची वेळ झाली, जा." मी घंटा द्यायला पळालो आणि ती लायब्ररीचं दार ढकलून आत गेली.