नाना झाडं बघत थांबायचे

नागदच्या अलीकडे जंगलात चढ लागतो. त्या चढावर नाना चौथ्यांदा थांबले आणि एका झाडाकडे टक लावून बघू लागले. त्यांची बायको, अक्का, वीस पावलं पुढे निघून गेल्या होत्या. जावेच्या घरचं काहीतरी सांगत होत्या, मागे वळून न बघता. मी घड्याळ बघितलं. रविवार फुकट गेला म्हणून मी तशीही वैतागलेलीच होते.

मी फिजिओथेरपिस्ट. धुळ्याच्या एका दवाखान्यात हृदयाच्या पेशंटना परत चालतं करणं हे माझं काम. याला कार्डियाक रिहॅब म्हणतात. साध्या भाषेत, घाबरलेल्या माणसाला किती चालायचं आणि कुठे थांबायचं ते शिकवणं. नाना चाळीसगाव तालुक्यातले. कापूस आणि लिंबाची बाग. गेल्या वर्षी बागेतच अटॅक आला, एक स्टेन्ट बसला. मग दोन महिने दर मंगळवारी ते माझ्याकडे ट्रेडमिलवर चालले. एके दिवशी पट्टा थांबल्यावर म्हणाले, आयुष्यभर बांधावरून डोंगर बघितला, आत कधी गेलो नाही. आता पाटणादेवीपासून फर्दापूरपर्यंत डोंगराच्या कडेकडेने चालायचंय. नानांनी माझ्याशी एका दमात बोललेलं एवढंच. एरवी कमरेत वाकवलं तरी हूं की चूं करणार नाहीत.

आमचे डॉक्टर टप्प्याटप्प्याने चाला म्हणाले. रविवारी एक टप्पा, संध्याकाळी घरी, पुढच्या वेळी तिथूनच सुरू. हृदयाच्या गोळ्यांमुळे नाडी मुद्दाम हळू राहते, त्यामुळे नाडी मोजून फारसं कळत नाही. म्हणून मी टॉक टेस्ट शिकवली. चालताना एका दमात पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक. वाक्य तुटलं तर थांबा आणि मला सांगा.

दर रविवारी संध्याकाळी मी फोन करायची. फोन अक्का उचलायच्या. दवाखान्यातही तेच. प्रश्न नानांना, उत्तर अक्कांचं. झोप कशी? अक्का. छातीत दुखलं का? अक्का. आमच्याकडे हे इतकं चालतं की मला त्यात काही खटकलंच नाही. चालताना बोलता येतं का, असं विचारलं की त्या म्हणायच्या, बठ्ठा रस्ता बोलतच उनूत ना. म्हणजे सगळा रस्ता बोलतच आलो. मी फॉर्मवर टिक करायची. चार टप्पे, चार टिक.

फॉर्म बघून डॉक्टर एवढंच म्हणाले, "चार टप्पे झाले. तू एकदा तरी बरोबर गेलीस?" राग आला, पण गेले.

तर तो चढ. सपाटीवर नाना मस्त चालत होते. उतारावर तर माझ्याही पुढे. झाडं मात्र फक्त चढावरच बघत होते. हे आत्ता कुठे माझ्या लक्षात आलं.

मी जवळ गेले. "नाना, कुठलं झाड आहे हे?"

त्यांनी एक बोट वर केलं. थांबा म्हणून. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सालई."

मी अक्कांना हाक मारली आणि गप्प राहायला सांगितलं. मग नानांना म्हटलं, सकाळपासून काय काय खाल्लं ते चालता चालता सांगा. ते दहा पावलं चालले. "भाकर," म्हणाले. श्वास. "ठेचा." श्वास. पुढे काही आलंच नाही.

"कधीपासून?"

"तिसरा टप्पापासून."

"मग सांगितलं का नाही?"

नाना दगडावर टेकले. जरा दम घेऊन म्हणाले, "म्याडम, तुम्ही माले इचारं कव्हय?"

त्यांना स्वतःला मी कधीच विचारलं नव्हतं. अक्का तिथेच खाली बसल्या. हळूच म्हणाल्या, "मी बोलस, ह्या आयकतस. माले वाटनं, बरं चालू शे." आणि पदर डोळ्याला लावला. नाना म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही चालणं बंद केलं असतं. तेही खरंच होतं.

आम्ही त्यांना सावकाश खाली आणलं. दुसऱ्या दिवशी ॲन्जिओग्राफी झाली. जुना स्टेन्ट उत्तम होता, पण दुसरी एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. तिथे दुसरा स्टेन्ट बसला. आणखी दोन-तीन चढ असे गेले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"फॉर्म कोणी भरला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि उत्तरं?"

"अक्कांनी."

त्यांनी चहा मागवला.

तीन महिन्यांनी, परत ट्रेडमिल आणि तपासण्या झाल्यावर, नाना त्याच सालईपासून पुढे निघाले. अट माझी होती. बोलायचं नानांनी, अक्कांनी दहा पावलं मागून, तोंड मिटून. नानांचं तोंड उघडायला अर्धा टप्पा गेला. मग झाडांची नावं सुरू झाली, मग विहिरी, मग लग्नाआधीची कुठलीतरी भांडणं. अक्का मला दवाखान्यात म्हणाल्या, इतक्या वर्षांत एवढं कधी ऐकलं नव्हतं.

या थंडीत एका रविवारी संध्याकाळी फोन आला. पहिल्यांदाच नानांचा स्वतःचा. "म्याडम, मी फर्दापूरले पोचनू, दम लागना नही, आनि आते हिले फोन देस, हिले बोलनं शे." एका दमात.

माझ्या फॉर्मवर आता एक जास्तीचा रकाना आहे: उत्तर कोणी दिलं? त्यात मी 'स्वतः' लिहिलं. पुढची पंचवीस मिनिटं अक्का बोलल्या.