नावेला दिलेला नांगर

१९७२ सालच्या दिवाळीनंतर, बाजाराच्या आदल्या दिवशी, आमच्या गावच्या एका शेतकऱ्याने नावेला दिलेला नांगर परत मागितला. घोड नदीच्या धरणाचे पाणी श्रीगोंदा तालुक्यात जिथे आमच्या ओढ्यात शिरले होते, तिथल्या उतारावर ही मागणी झाली. नावेत चढायला पंधरावीस माणसे उभी होती. त्यांत मी होतो.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकाला तालुक्यातून बातम्या पाठवत असे. पक्का रस्ता, एस.टी.चा थांबा आणि दुष्काळी काम, तिन्ही ओढ्यापलीकडे होती. पाण्याला वळसा घालून चालत गेले तर अर्धी सकाळ जाई. त्यामुळे खडी फोडायला जाणाऱ्या बाया आणि माझे बातम्यांचे पाकीट एकाच नावेतून जात.

नावेला नांगर लागतो हे आमच्या गावाला धरण झाल्यावर कळले. आम्ही कोरडवाहू माणसे. नदी उन्हाळ्यात पायी ओलांडायची, पावसाळ्यात तिच्याकडे पाहायचे. धरण भरल्यावर खालच्या अंगाच्या एका गावाहून भोई आणला, त्याच्यासोबत त्याची नाव आली. सगळे त्याला मामा म्हणत. काठावर खुंटी ठोकली तर ती गाळातून उपसून येई. दोराला धोंडा बांधला तर तो घसरत जाई. एकदा वारा सुटला आणि माणसे चढत असतानाच नाव आडवी फिरून निघाली. चार माणसे पाण्यात पडली. बुडाले कोणी नाही. पण दुसऱ्या दिवशी बाया चढेनात.

तेव्हा ज्याने नांगर दिला, तोच हा शेतकरी. गावात त्याला आण्णा म्हणत. त्याची काळी, सखल जमीन धरणात गेली होती. बदल्यात मिळालेले रान माळावरचे, मुरमाड होते. त्यात हलका लाकडी नांगरसुद्धा दगडाला अडे. लोखंडी नांगर गोठ्यात पडून होता. आण्णाच्या बायकोने त्याला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि लोहाराने रुमणे, म्हणजे हातात धरायचा दांडा, काढून त्या जागी दोरासाठी कडी बसवली. फाळ गाळात रुतला की नाव जागची हलत नसे.

मला त्या वेळी या वस्तूपेक्षा तिच्या शब्दाचे अधिक वाटे. मुंबईच्या बंदराबाहेर जहाजे नांगरून पडल्याची बातमी आमच्या दैनिकात येई, आणि त्याच पानावर नांगरटीची. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी कर्जतकडचा होता. जहाज नांगरतात म्हणजे काय करतात हे त्याने मला एकदा विचारले. मी सांगितले. तो म्हणाला, "म्हंजे आपला चालवायसाठी, त्येंचा थांबवायसाठी." एवढे बोलून तो पुढची ओळ जुळवू लागला.

गावात हा शब्द थांबण्यासाठी कोणी वापरत नसे, एक अपवाद सोडून. पाहुणा चार दिवसांवर राहिला तर "नांगर टाकून बसलाय" असे म्हणत, पण तेही नाव आल्यानंतर. त्याआधीचे अर्थ निराळे होते. सोयरीक जमवताना मुलीकडचे विचारत, "किती नांगर चालतात?" म्हणजे जमीन किती, बैल किती, घरात हात किती. म्हातारा माणूस शेतातून निवृत्त झाला की त्याने नांगर खाली ठेवला असे म्हणत. कोणाचे वाटोळे व्हावे अशी इच्छा असली तर त्याच्या घरावरून गाढवाचा नांगर फिरे. एका शब्दात माणसाची ऐपत, त्याचे वय आणि त्याचा नाश असे सगळे बसत असे. आणि आता तो शब्द दोराला बांधून पाण्यात सोडला होता.

१९७२ ला पाऊस झाला नाही. धरण भरले नाही. पाणी दर आठवड्याला खाली सरकत गेले आणि दिवाळीच्या सुमारास आण्णाचे जुने शेत, धरण झाल्यापासून पहिल्यांदाच, पाण्यातून वर आले.

अशा उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. कागदावर ती जमीन सरकारची होती. गावात मात्र तिच्याबद्दल एक रिवाज पडला होता. पहिला हक्क जुन्या मालकाचा. पण त्याने स्वतःचा नांगर घालून शेताच्या चारी कडांनी तास, म्हणजे नांगराची चर, काढला पाहिजे. उसना नांगर चालत नसे. ज्याचा नांगर, त्याची त्या हंगामाची गाळपेर. जुना मालक आला नाही तर बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याने नांगर घालावा. हे कोणी ठरवले ते मी पुष्कळांना विचारले. कोणालाच सांगता आले नाही आणि कोणी मोडलेही नव्हते.

आण्णाचा बांधशेजारी त्याचाच चुलतभाऊ होता; त्याचे स्वतःचे शेत खालच्या अंगाला, अजून पाण्यातच होते. बाजार झाला की दुसऱ्या दिवशी नांगर घालतो, असे त्याने चावडीवर सर्वांदेखत सांगितले होते. आण्णाकडे दोन बैल होते. माळावर काडी उगवली नव्हती. गाळपेर मिळाली तर कडब्यावर बैल उन्हाळा काढतील. न मिळाली तर ते बाजारात न्यायचे, आणि त्या वर्षी बैलाच्या बाजारात नेलेले जनावर बहुतेक खाटीकच घेत होता.

म्हणून तो उतारावर आला.

"मामा, नांगर काढा वर," तो म्हणाला. "एक दिवसाचं काम हाय."

भोयाने वल्हे गुडघ्यावर आडवे धरले. "एक दिवस नाव कशाला बांधू? तुमच्या बैलांच्या शेपटीला?"

"धोंडा बांधा."

"धोंडा बांधून बघितलाय. तुमीच हुता की पाण्यात पडलेले."

बायांमध्ये हशा पिकला. आण्णा खरोखरच त्या चौघांपैकी एक होता.

"माज्याकडं जातं हाय," एक बाई म्हणाली. "दळायला तर काय न्हाईच घरात. ते बांधा."

"व्हय, आन वारा आला की पीठ पडंल," भोई म्हणाला.

दुसरी आण्णाकडे वळली. "नांगर न्या बापडे. पन आदी आमाला पवायला शिकवून जा."

आण्णा हसला नाही. त्याने एवढेच सांगितले की उद्या बाजार आहे, परवा भाऊ नांगर घालणार, त्याच्या आत तास निघाला पाहिजे. त्यानंतर कोणी थट्टा केली नाही. चुलतभावाने काय म्हटले होते तेही सगळ्यांना ठाऊक होते: "नांगर पान्याला दिला, मग शेत बी पान्याचंच."

नाव बंद ठेवावी असे एकाने सुचवले. बाया तयार होईनात. कामावर गैरहजर राहिले तर तिथली जागा दुसरीला मिळे. भोयाने मग आपली अट घातली. नाव चालेल, पण नांगराच्या जागी माणसे हवीत. दोन्ही काठांवर दोघे दोघे, कमरेएवढ्या पाण्यात, दोर धरून, शेवटची खेप होईपर्यंत. आण्णाच्या भावकीतले तिघे कबूल झाले. चौथा मिळेना. तेव्हा पाकीट पोचवायचे काम मी एका बाईवर सोपवले आणि चौथा झालो.

बाजाराच्या दिवशी उजाडताच बैल लावून नांगर ओढला. तो सहज आला नाही. गाळाने तो धरून ठेवला होता. दोर एकदा तुटला. वर आला तेव्हा त्याच्यावर शेवाळ होते, पत्र्याला गंज चढला होता. फाळ शाबूत होता. रुमणे मात्र नव्हते, कारण ते काढून टाकले होते. आण्णाने बाभळीची जाड फांदी तोडून कडीतून घातली आणि वाखाच्या दोरीने करकचून आवळली. त्याला घाई होती, पण गाठ त्याने दोनदा सोडून परत मारली.

गार पाण्यात दोर धरून उभे राहिल्यावर शेताची वरची कड मला दिसत होती, खालची नाही. माझ्यासोबत दोर धरणारा आण्णाचा पुतण्या प्रत्येक खेपेला विचारी, "कुठवर गेला?" मी दिसेल तेवढे सांगे. वारा दुपारनंतर सुटला. नाव ओढ घेऊ लागली तेव्हा भोई ओरडला, "दोर घट्ट धरा! तुमाला फाळ न्हाई, म्हनून पायाचा करा." आम्ही टाचा गाळात रोवल्या. बाया एक एक करून चढल्या. पाय घसरून एकीची भाकरीची फडकी पाण्यात पडली, ती तिने स्वतःच काढली.

चुलतभाऊ बाजारातून दिवस कलताना परत आला. पलीकडून येणाऱ्या खेपेतच तो होता. नावेतून उतरताना त्याला दोर धरलेले आम्ही दिसलो. "आज मानसं नांगरलीत का?" त्याने विचारले. तो तसाच शेताकडे गेला. शेवटची खेप झाल्यावर आम्हीही पाण्यातून निघून तिकडे गेलो.

आण्णाची तिसरी कड संपली होती. चौथीवर, ओढ्याच्या बाजूने, गाळ अजून ओला होता आणि बैल गुडघ्यापर्यंत रुतत होते. फांदीची गाठ सैल झाली होती. दर दहाबारा पावलांवर आण्णा थांबे, गाठ आवळे, बैलांना पुढे घाली. चुलतभाऊ बांधावर उभा राहून पाहत होता. त्याने हरकत घेतली असती तर चावडीवर वाद झाला असता. फांदी बांधलेला नांगर रिवाजात बसतो की नाही, हे आधी कधी कोणाला ठरवावे लागले नव्हते.

चौथा तास पहिल्या तासाला जाऊन मिळाला. आण्णाने बैल थांबवले. चुलतभाऊ खाली उतरला, वाकून तासात हात घातला आणि खोली पाहिली.

"काय टाकनार?" त्याने विचारले.

"हरभरा. वरच्या अंगाला जवारी."

"जवारी दाट टाक. कडबा हुईल." हाताचा गाळ झटकत तो म्हणाला, "बी हाय का?"

"हाय थोडं."

"माज्याकडनं ने. आता मला तरी कुठं टाकायचंय."

नांगर त्याच संध्याकाळी उतारावर परत गेला. भोयाने तो पाण्यात सोडण्याआधी फांदी काढून आण्णाच्या हातात दिली.

ही बातमी मी पाठवली नाही. त्या आठवड्यात पाण्याच्या टँकरच्या आणि चारा छावण्यांच्या बातम्यांना जागा पुरत नव्हती. हरभरा माघात निघाला. जवारीला कणीस भरले नाही, कडबा झाला. पुढच्या उन्हाळ्यात वैशाखात मी आण्णाच्या घरावरून गेलो तेव्हा दोन्ही बैल दावणीला होते.