आडनावावरून ठरलेलं कपाट

पुस्तक न उघडता ते कशाबद्दल आहे हे सांगणारे सिद्धपुरुष मी पाहिलेत. आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल त्यातलेच. मी त्यांच्या हाताखाली सहायक. नवं पुस्तक आलं की साहेब लेखकाचं आडनाव वाचायचे, झाला विषय नक्की! आडनाव सातपुड्यातलं दिसलं की पुस्तक थेट 'आदिवासी – चालीरीती'मध्ये.

शहाद्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने बायकोवर कविता केल्या होत्या. पानोपानी हळद, वरात, रुसलेली विहीण. ते पुस्तक मात्र 'कविता'त! त्यातल्या चालीरीती साहेबांना दिसल्या नाहीत, कारण त्या त्यांच्या घरच्याच ना.

मागच्या वर्षी आमची एक जुनी विद्यार्थिनी धडगावहून एसटीने आली, आईला घेऊन. तिचा पहिला कवितासंग्रह आम्ही घेतला होता. आईला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं पुस्तक कवींच्या रांगेत उभं असलेलं तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एवढ्यासाठी ती माउली घाट उतरून आली होती.

कवितेच्या कपाटात पुस्तक नव्हतंच. ते निघालं पार मागच्या भिंतीला, भूतबाधा आणि देवरुषींवरच्या जाडजूड ग्रंथांच्या मधोमध. आईने शेजारचा एक ग्रंथ उघडला. आत उघड्या अंगाची माणसं ओळीने उभी केलेली. तिने बोटाने फोटोखालची ओळ दाखवून लेकीला विचारलं, यांची नावं लिहिलीत का? लेक नाही म्हणाली. मग आईने हळूच विचारलं, "तुझ्या पुस्तकावर तुझं नाव तरी आहे ना?" मला एवढी पावरी बोली कळते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक तडक साहेबांच्या टेबलाशी गेली. "सर, हॉस्टेलात असताना मी प्रेमात पडले, तेव्हाच्या या कविता आहेत. यातली चालीरीत कोणती, दाखवा."

साहेबांनी पुस्तक पहिल्यांदाच उघडलं. अर्धं पान वाचून म्हणाले, "वा! मराठी छान आहे की तुझं!"

कौतुक बघा मेल्याचं! वर मला अहिराणीत म्हणतात, "ताई, नियमच तसा शे. येगळा विभाग शे, हाऊ त्यासना मानच शे ना!"

मान म्हणे, डोंबलाचा! मी कॉम्प्युटरवर बसले, विषयाच्या रकान्यातलं 'चालीरीती' काढून 'कविता' टाकलं आणि पुस्तकाच्या पाठीवर नवी चिठ्ठी डकवली.

"परवानगी कोणाची?" साहेब ओरडले.

"जिचं पुस्तक तिची."

पुस्तक मी आईच्या हातात दिलं. तिने ते स्वतः कवींच्या रांगेत उभं केलं, पदराने त्याची पाठ पुसली आणि साहेबांकडे ढुंकूनही न बघता लेकीला म्हणाली, चल, गाडी चुकेल.