निरीक्षणाचा रकाना

भिवापूरच्या आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम प्रयोगवही तपासताना एकाच गोष्टीवर चिडायच्या. निरीक्षण आणि अनुमान एकाच रकान्यात दिसलं की पान परत. "डोयानं काय दिसलं ते आधी लिही गा. डोक्यात काय आलं ते मंग." आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मिरच्यांचे देठ खुडून हातांची आग झालेली माझी आई वही नुसती पुसून ठेवायची. मी पदवीधर झालो त्यात या मॅडमचा वाटा मोठा आहे. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या हातात पडलेला तो कागद आठवला की अजून डोकं तापतं.

मी शहरातल्या महाल भागात एका संगणकाच्या दुकानात काम करतो. नवा मदरबोर्ड आला की तो तपासणं माझ्याकडे. बायोस म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणारं सेटिंगचं पान. तिथे मी आधी सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर चालवून बघतो. मग प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा थोडा थोडा वाढवत नेतो, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करतो, आणि तो कुठे अडखळतो, किती तापतो, ते लिहितो. मे महिन्यात आमच्याकडे बोर्ड नुसता टेबलावर ठेवला तरी कोमट लागतो, म्हणून खोलीचं तापमानही लिहितो. शेवटी सगळं मूळ जागी आणतो आणि एकच सेटिंग चालू ठेवतो, रॅमला डब्यावर छापलेला वेग देणारं. ते बंद असलं तर रॅम हळू चालते आणि गिऱ्हाईकाला त्याचा पत्ताही नसतो. ही सगळी नोंद शाळेतल्यासारखीच दोनशे पानी वहीत, दोन रकाने आखून. मालक हसतात.

मॅडम निवृत्त झाल्यावर गावातल्या मुलांसाठी प्रयोगांचे व्हिडिओ करू लागल्या. त्यासाठी संगणक त्यांनी माझ्याच भरवशावर आमच्याकडून घेतला. दोन महिन्यांत तो चालता चालता बंद पडू लागला. बोर्डावरची रॅम बसवायची एक खाच, म्हणजे स्लॉट, मेली होती. वॉरंटी होती, म्हणून बोर्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिला. आठवड्याने मॅडमसोबत आणायला गेलो तर हातात कागद आला. 'ओव्हरक्लॉकिंग. सीआयडी. वॉरंटी नाही.'

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "सीआयडी? माह्या मागं काहून लागली गा? मी का खून केला?"

काउंटरवरचा माणूस हसला नाही. "कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज. म्हणजे तुम्ही खराब केला, मॅडम. रॅमचं सेटिंग चालू आहे ना बायोसमध्ये? ते ओव्हरक्लॉकिंगमध्येच येते."

"मी तं ते पान कधी उघडलंच नाही."

"सगळे असंच म्हणतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच बोर्डाच्या डब्यावर 'ओव्हरक्लॉकिंग' हा शब्द सोनेरी अक्षरांत छापलेला होता. विकताना तो गुण आणि बिघडल्यावर तोच गुन्हा! ज्या बाईंनी आम्हाला खोटं लिहायचं नाही हे शिकवलं, त्यांना हा माणूस तोंडावर खोटं पाडत होता.

"सेटिंग मी चालू केलं," मी म्हणालो. "मॅडमनी नाही."

"मग दुकानाचं डॅमेज. आमच्यासाठी दुकान बी कस्टमरच."

दुकानात परत येऊन मी वही काढली. त्या बोर्डाच्या पानावर निरीक्षण होतं: 'मूळ सेटिंग. पहिल्यांदा सुरू केल्यावर दुसऱ्या खाचेतली रॅम दिसली नाही. काढून परत बसवली. दिसली.' शेजारी अनुमान: 'रॅम नीट बसली नव्हती. बोर्ड ठीक.'

म्हणजे खाच वेग वाढवण्याच्या आधीपासूनच कच्ची होती. आणि बोर्ड ठीक असल्याचं मीच लिहून दिलं होतं. हे पान दाखवलं तर मॅडम सुटत होत्या, मी अडकत होतो.

मालकांनी पान वाचलं. "तो बाईनं केलं म्हणून राहिला ना, म्हणू दे. आपण मधात कायले पडाचं? हे पान दाखवशील तं दुसरं दुकान पाहून ठेव."

दुसऱ्या दिवशी मॅडमसोबत परत सर्व्हिस सेंटरला गेलो आणि वही काउंटरवर ठेवली. त्या माणसाने ती उघडलीही नाही. "हाताने लिहिलेलं आम्ही कसं मानाचं?"

मॅडमनी वही ओढून घेतली आणि ते पान सावकाश वाचलं. मला पुन्हा दहावीत असल्यासारखं झालं.

"अनुमान चुकलं तुह्यं," त्या मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "पण यानं निरीक्षण तं लिहिलं. तुमच्या कागदावर ते कुठी आहे? काय जळलेलं दिसलं तुम्हाले? दाखवा."

दाखवायला काही नव्हतं. ना फोटो, ना तपासणीची नोंद. एक सेटिंग चालू दिसलं आणि बाकीचं डोक्यातून लिहिलं. तो आत गेला आणि तासाभराने साहेबांचा निरोप घेऊन आला. "बोर्ड बदलून देतो. गुडविल म्हणून."

गुडविल! चूक त्यांची आणि उपकार आमच्यावर.

"बोर्ड मंग द्या," मॅडम म्हणाल्या. "पहिले तो शब्द काढा."

"सिस्टममधून निघत नाही, मॅडम."

"मंग कागदावरून काढा. सही करा."

त्याने पेनाने सीआयडी खोडलं आणि सही केली. त्यांच्या सिस्टममध्ये मात्र बोर्ड मॅडमनीच खराब केला, असं आजही असेल. त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

मालकांनी मला काढलं नाही, चार दिवस बोलले नाहीत एवढंच. नवा बोर्ड मी मॅडमच्या समोर तपासला. प्रत्येक खाच चार-चार वेळा. रॅमच्या सेटिंगवर आलो आणि हात थांबला.

"चालू करू?"

"डब्यावर छापलं आहे ना? मंग कर. पण कोणी केलं ते लिही."

मी बिलाच्या मागे लिहिलं, 'बायोसमधील हे सेटिंग मी चालू केले आहे, ग्राहकाने नाही.' खाली सही. तेव्हापासून प्रत्येक बिलामागे लिहितो. मालकांना म्हटलं, याचा एक शिक्का बनवू. ते नाही म्हणाले. म्हणून हातानेच लिहितो.